टाचेकडचे वळण : २०२३–२४ च्या हिवाळ्यातील नोंदी

१ ऑक्टोबर २०२३, रविवार, विंटरटूर (स्वित्झर्लंड)

गेल्या हंगामाची वही पुन्हा वाचली. एकोणीस दिवस बर्फावर स्नोबोर्ड चालवूनही वहीत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेली आहे: चवड्याकडचे वळण, म्हणजे पावलांच्या बोटांच्या बाजूच्या कडेवर घेतलेले, साधते; टाचेच्या बाजूच्या कडेवरचे निसटते. या हिवाळ्यात बाकी सारे बाजूला ठेवून फक्त एवढेच काम करायचे ठरवले आहे. उद्दिष्ट मोजता येईल असे हवे, म्हणून ते असे लिहून ठेवतो: हंगाम संपण्यापूर्वी टाचेकडची सलग दहा वळणे अशी यावीत की मागे वळून पाहिल्यावर बर्फात प्रत्येक वळणाची एकच बारीक चर दिसेल, झाडूने लोटल्यासारखा पट्टा दिसणार नाही.

ही वही पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती पडलीच, तर थोडे स्पष्टीकरण असावे. माझा बोर्ड उड्या मारण्याचा रुंद बोर्ड नव्हे. अल्पाइन बोर्ड अरुंद आणि ताठ असतो, त्यावर स्कीच्या बुटांसारखे कडक कवचाचे बूट धातूच्या पट्ट्यांनी बसवतात आणि दोन्ही पावले आडवी न राहता बरीचशी पुढे वळलेली असतात. बोर्ड कडेवर उभा केला की कडेचा आतला बाक बर्फात रुतून स्वतःच वर्तुळ काढू लागतो, आणि बोर्डाचे शेपूट, म्हणजे मागचे टोक, नाकाने, म्हणजे पुढच्या टोकाने, काढलेल्या चरीतूनच जाते. याला कार्व्हिंग म्हणतात. शेपूट चरीबाहेर सरकले की ते फरफटणे होय, मग वळण बाहेरून कितीही डौलदार दिसो.

आज बोर्ड जेवणाच्या टेबलावर घेऊन मोजमाप केले. नाकाजवळच्या आणि शेपटाजवळच्या सर्वांत रुंद बिंदूंमध्ये दोरा ताणला. अंतर १४२ सेंमी भरले. मध्यावर दोऱ्यापासून कडेपर्यंतची खोली व्हर्नियरने २३ मिमी आली. लांबीच्या वर्गाला खोलीच्या आठपटीने भागले की कडेच्या बाकाची त्रिज्या मिळते, ती जवळजवळ ११ मीटर. बोर्डावरही ११ च छापलेले आहे. छापील आकड्यावर मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नये, ही कार्यशाळेत लागलेली सवय आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार

घटस्थापना असल्यामुळे सकाळ त्यात गेली. दुपारी बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणारी पकड, बसवली.

पावलांचा कोन, म्हणजे पावले बोर्डाच्या आडव्या रेषेपासून किती पुढे वळवायची ते माप, किती ठेवावा हा प्रश्न आवडीनिवडीचा असल्यासारखा चर्चिला जातो, परंतु त्याची खालची मर्यादा बोर्डाची रुंदी ठरवते. माझ्या बुटाच्या तळाची लांबी ३०८ मिमी आहे आणि मागच्या पायाखाली बोर्ड २१० मिमी रुंद आहे. बूट म्हणजे एक रेषा असे धरले, तर ४७ अंशांवर तो बोर्डाच्या रुंदीत मावतो. मात्र बुटालाही रुंदी असते, त्यामुळे त्याचे कोपरे तरीही बाहेर डोकावतात. गेल्या वर्षी मागचा पाय ४९ अंशांवर होता. आज बुटाच्या टोकावरून ओळंबा सोडून पाहिले, तेव्हा टाच कडेच्या तब्बल १४ मिमी बाहेर असल्याचे दिसले. बोर्ड साठ-पासष्ट अंशांपर्यंत कलला की ही टाच कडेच्या आधी बर्फाला टेकणार आणि कड उचलली जाणार. गेल्या वर्षीच्या ज्या पडण्यांना मी धाडसाचा अभाव असे नाव दिले होते, त्यांपैकी काहींचा दोष बहुधा या १४ मिलिमीटरांचाच असावा.

आता पुढचा पाय ५८ आणि मागचा ५५ अंश केला आहे. याहून जास्त कोन घेतला तर घोट्यांना आडवा तोल सांभाळता येत नाही, हे मागे ६३ वर अनुभवले आहे. दोन पावलांतील अंतर ४८ सेंमी. पुढच्या चवड्याखाली ३ अंशांची पाचर. मागचा पाय अद्याप सपाट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी इतरांना नेहमी सांगतो आणि स्वतः सर्वांत आधी मोडतो, म्हणून मागची पाचर मुद्दाम डब्यातच ठेवली.

२३ ऑक्टोबर, सोमवार, खंडेनवमी

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या कारखान्यात आज लेथला हार घातला गेला. संध्याकाळी बाबांनी व्हिडिओवर ते दाखवले. मीही इकडे कानस, हिऱ्याचा दगड आणि बोर्ड यांना हळदकुंकू लावले आणि मग धार लावायला बसलो, अर्थात पूजेचे हत्यार त्या दिवशी वापरू नये या आजीच्या नियमाचा भंग झालाच.

बाजूचा कोन ८८ अंश ठेवला असून तळाकडून अर्धा अंश उचल दिली आहे. कानस धारकात बसवून नाकाकडून शेपटाकडे एका दिशेने लांब हात मारले. मी परतीच्या हातालाही कानस टेकवतो हे बाबांनी पडद्यावरून ओळखले. "कानस रेटताना कापते रे, मागं ओढताना तिचेच दात मरतात. परत येताना उचल," असे ते म्हणाले. चाळीस वर्षे झाली तरी हे वाक्य ऐकावेच लागते. नंतर दगडाने कडेवरची बारीक कूस काढली, नाक व शेपटाची टोके थोडी बोथट केली आणि इस्त्रीने मेण चढवले. आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने याच हंगामापासून शर्यतींत फ्लोरीनयुक्त मेणावर पूर्ण बंदी आणली आहे. हे पदार्थ माती-पाण्यात वर्षानुवर्षे टिकून राहतात, त्यामुळे बंदी योग्यच आहे. आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाशी ज्याचा काही व्यवहार नाही, अशा माझ्यासारख्याला त्यांची गरज कधीच नव्हती.

१८ नोव्हेंबर, शनिवार

हिवाळ्याच्या फेऱ्यांचे नियोजन.

कार्व्हिंग करणाऱ्याचा दिवस इतरांच्या दिवसासारखा नसतो, हे एकदा मान्य केले की सारे नियोजन सोपे होते. रात्री यंत्रे उतारावरून फिरतात, बर्फ कुटून पाभरीने ओढलेल्या रानासारख्या बारीक ओळी पाडतात, आणि नंतरच्या काही तासांत कुटलेले कण एकमेकांना चिकटून तो थर घट्ट होतो. म्हणून संध्याकाळी लवकर तयार झालेला उतार पहाटे तयार केलेल्या उतारापेक्षा सकाळी अधिक भक्कम असतो. आकाश निरभ्र असेल तर रात्री पृष्ठभागाची उष्णता निघून जाऊन तो आणखी आवळतो. दहा-साडेदहानंतर माणसांची गर्दी आणि ऊन मिळून या साऱ्याची वाट लावतात. थोडक्यात, माझा दिवस दोन ते अडीच तासांचा. तेवढ्यासाठी तिकीट, प्रवास आणि मुक्काम करायचा, तर तारेवरून वर नेणाऱ्या पहिल्या पाळण्यात बसता आलेच पाहिजे; नऊ वाजता आरामात न्याहारी करणाऱ्या मंडळींबरोबर जायचे असेल, तर बोर्ड घरीच ठेवलेला बरा.

जवळचे ठिकाण फ्लुमसरबर्ग. रेल्वे वालेनझे सरोवराच्या काठी उंटरटेर्त्सन स्थानकावर सोडते आणि स्थानकासमोरूनच पाळणा वर टानेनबोडेनला नेतो, त्यामुळे गाडीवर साखळ्या चढवण्याचा व वाहनतळ शोधण्याचा प्रश्नच येत नाही. डिसेंबरात सराव तिथेच करायचा. जानेवारीत एक दिवस डावोसला. तीन दिवसांची मोठी फेरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्कुओलला, आणि तीही मंगळवार ते गुरुवार. ख्रिसमस ते जानेवारीचा पहिला आठवडा आणि फेब्रुवारीतल्या झुरिच भागातील शाळांच्या क्रीडासुट्ट्या पूर्णपणे वगळल्या आहेत. अनेक ठिकाणी आता तिकिटाचे दर मागणीप्रमाणे चढतात, त्यामुळे मधला वार खिशालाही सोयीचा पडतो.

विम्याचे कागद पाहून घेतले. स्वित्झर्लंडमध्ये आठवड्याला किमान आठ तास नोकरी करणाऱ्याला कामाबाहेरच्या अपघातांचा विमा नोकरीतूनच मिळतो. मात्र घरी आलेल्या पाहुण्यांना तो लागू नसतो, हे पुढच्या वर्षी भाचा येईल तेव्हा ध्यानात ठेवायचे.

पुण्याच्या मावसभावाने यंदाही विचारले की, "गुलमर्गला का येत नाहीस?" गुलमर्गचा गंडोला अफरवट शिखराच्या अंगावर चार हजार मीटरांच्या जवळ नेतो आणि तेथील ओढ ताज्या, मऊ, न कुटलेल्या बर्फाची आहे. माझा अरुंद, ताठ बोर्ड त्यात नाक खुपसून बुडेल. त्याला म्हटले, येईन, पण तिथला रुंद बोर्ड भाड्याने घेऊन आणि नवशिक्या म्हणून.

१६ डिसेंबर, शनिवार, फ्लुमसरबर्ग

हंगामाचा पहिला दिवस. सकाळी तिथल्या माश्गेनकाम्म माथ्यावर उणे चार अंश, उतार कडक आणि सरळ. पहिल्या तीन फेऱ्यांत केवळ सौम्य उतारावर बोर्ड कडेवर ठेवून वाट पाहायची, वळण ओढून आणायचे नाही, एवढेच केले. हे वाट पाहणे वाटते त्याहून कठीण आहे, कारण बोर्ड उताराच्या थेट दिशेला तोंड करतो आणि वेग वाढू लागतो, त्या क्षणी पाय आपोआप शेपूट ढकलतात.

टाच आता बर्फाला लागत नाही, हे निश्चित. चवड्याकडची वळणे गेल्या वर्षीपेक्षा खोल झाली. टाचेकडची वळणे सुरुवातीला धरतात, परंतु वळणाच्या शेवटच्या एकतृतीयांश भागात बोर्ड खडखडून निसटतो. बर्फातल्या खुणा पाहिल्या, तर चर नीट सुरू होते, मग हातभर अंतरावर तुटक तुटक रेघा दिसतात, करवतीच्या दातांसारख्या.

शेवटच्या फेरीत मी उताराची पूर्ण रुंदी घेत असताना वरून आलेला एक स्कीवाला माझ्या शेपटापासून हातभर अंतरावरून गेला. वरून येणाऱ्याने खालच्याला धोका होणार नाही असा मार्ग निवडावा, असा नियम आहे आणि चूक त्याचीच होती. परंतु नियमाने मोडलेली हाडे सांधली जात नाहीत. तो सरळ खाली जाणारी माणसे पाहण्याला सरावलेला असणार आणि बोर्डवाला एकदम काटकोनात, प्रसंगी किंचित वरच्या दिशेनेही वळेल अशी त्याची अपेक्षा नसणार. यापुढे प्रत्येक फेरीपूर्वी वर पाहून उतार मोकळा होईपर्यंत थांबायचे, आणि टाचेकडच्या वळणात शिरण्याआधी खांद्यावरून एक नजर टाकायची.

१७ डिसेंबर, रविवार

मांड्या भरून आल्या आहेत. मागच्या बाइंडिंगचे चारपैकी दोन स्क्रू पाव आटा ढिले निघाले. प्रत्येक दिवसानंतर पाना लावून पाहायचा.

३० डिसेंबर, शनिवार

ठरल्याप्रमाणे गेलो नाही. उताराच्या कॅमेऱ्यात खालच्या पाळण्यापाशीची रांग पाहिली आणि निर्णयाचे समाधान वाटले.

१६ जानेवारी २०२४, मंगळवार, डावोस

जागतिक आर्थिक मंचाची परिषद काल सुरू झाली आहे, आणि नेमक्या याच आठवड्यात येथे यावे, हा कार्यालयातल्या सहकाऱ्याचा सल्ला अगदी बरोबर ठरला. गावातली हॉटेले काठोकाठ भरलेली, रस्त्यावर काळ्या गाड्यांची रीघ, आणि गावाच्या वरच्या पार्सेन या स्की-क्षेत्राच्या उतारांवर मात्र हाताच्या बोटांवर मोजता यावीत एवढीच माणसे. मुक्कामाचा विचारही शक्य नव्हता, म्हणून पहाटेची गाडी पकडून लांडक्वार्टमार्गे आलो व संध्याकाळी परतलो. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री आणि शिष्टमंडळ करारांसाठी याच गावात असल्याचे बाबांनी फोनवर कळवले. "भेटलास का?" हा त्यांचा प्रश्न अर्धाच थट्टेचा होता. कडक बुटांत मला जिना धड उतरता येत नाही, हे त्यांना सांगितले.

आज मागच्या टाचेखाली ३ अंशांची पाचर घातली. फरक दुसऱ्याच वळणात जाणवला. पाचर नसताना मागचा गुडघा पुढे यायला तयार नसे, त्यामुळे टाचेकडे कलताना मी खुर्चीत बसल्यासारखा मागे बसत असे आणि सारे वजन शेपटावर जाई. आता दोन्ही गुडघे एका दिशेने वाकतात.

सहकाऱ्याने खालून चित्रण केले. त्यात स्वतःला पाहणे हा शिक्षेचाच प्रकार असतो, तरी उपयुक्त. कंबरेत वाकून मी डोके बर्फाकडे नेत होतो. म्हणजे शरीर कललेले भासत होते, पण बोर्ड तेवढा कललेला नव्हता. यावर जुना उपाय केला: टाचेकडच्या वळणात मागचा, म्हणजे वळणाच्या बाहेरचा हात पुढच्या बुटाच्या वरच्या काठाला लावायचा. हात तिथवर न्यायचा तर कंबर आत उतरावी लागते आणि खांदे उताराशी समांतर राहतात. दहा फेऱ्यांत हात बुटाला लागला तो सहाच वेळा, पण त्या सहाही वेळा चर तुटली नाही.

असे असूनही एक कोडे शिल्लक आहे. हात बुटाकडे नेला तरी, वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बोर्ड निसटतोच. घड्याळातल्या नोंदीनुसार हे साधारण ताशी ३६ ते ३८ किलोमीटरच्या आसपास घडते. घड्याळाचा आकडा अगदी अचूक नसतो, परंतु दर वेळी तोच यावा हे सहज सोडून देण्यासारखे नाही.

२० जानेवारी, शनिवार

कोडे कागदावर सुटले. एवढे साधे गणित हंगामापूर्वीच करायला हवे होते.

कडेवर कललेला बोर्ड जे वर्तुळ काढतो, त्याची त्रिज्या म्हणजे कडेची त्रिज्या गुणिले कलण्याच्या कोनाचा कोसाइन. जितका कल जास्त, तितके वर्तुळ लहान. दुसरीकडे, तोल राहायचा तर कलण्याच्या कोनाचा टॅन हा वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण आणि वर्तुळाची त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असला पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या की कोसाइन छेदून जातो आणि उरते ते असे: कोनाचा साइन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण गुणिले कडेची त्रिज्या. साइन एकाहून मोठा असू शकत नाही. याचा अर्थ, प्रत्येक कडेच्या त्रिज्येला एक वेगमर्यादा आहे, आणि तिच्यापलीकडे शुद्ध कार्व्हिंग कोणालाही शक्य नाही, मग तो विश्वविजेता का असेना.

माझ्या ११ मीटरच्या बोर्डाची ही मर्यादा सेकंदाला १०.४ मीटर, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर निघते. घड्याळ खोटे बोलत नव्हते.

त्याहून बोलके आकडे मर्यादेच्या अलीकडचे आहेत. ताशी ३० किलोमीटरला हा बोर्ड ४० अंश कलतो आणि पायांवर शरीराच्या वजनाच्या १.३ पट भार येतो. ताशी ३६ ला मात्र कोन ६८ अंश आणि भार जवळजवळ २.७ पट होतो. वेगात वाढ केवळ सहा किलोमीटरची, आणि भार दुप्पट! आता हाच हिशेब १३ मीटर त्रिज्येसाठी केला: ताशी ३६ ला कोन साधारण ५२ अंश, भार १.६ पट, वर्तुळ ८ मीटर त्रिज्येचे. लहान त्रिज्येचा बोर्ड म्हणजे सोपा बोर्ड, अशी समजूत करून घेऊन मी दोन वर्षे माझ्याच वेगाला अपुऱ्या हत्याराशी झुंजत होतो.

हिशेबाच्या मर्यादाही नोंदवणे योग्य. तो सपाट जमिनीसाठी आहे. उतारावर वळणाच्या उत्तरार्धात गुरुत्वाचा उताराच्या दिशेचा अंश भारात मिळतो, म्हणून बोर्ड शेवटच्या एकतृतीयांश भागातच निसटतो. शिवाय बोर्ड पिळतो, बर्फ दबतो, आणि चांगला चालवणारा वजन पुढेमागे करून बोर्डाचा बाक थोडा बदलू शकतो. पॅरलल जायंट स्लालमच्या, म्हणजे दोघे शेजारी-शेजारी खांबांना वळसे घालत उतरतात त्या, शर्यतीतले बोर्ड एवढे लांब व मोठ्या त्रिज्येचे का असतात, याचे उत्तर मात्र या एका ओळीत आहे.

चवड्याकडे हाच बोर्ड त्याच वेगाला का धरतो, हेही आता उलगडले. तो तिकडेही धरत नसावा. घोटा व गुडघा यांच्या लवचिकतेमुळे तिकडचे थोडे फरफटणे गिळले जात असावे. टाचेकडे कडक बूट काहीच गिळत नाही.

२७ जानेवारी, शनिवार

वापरलेला १७१ सेंमीचा बोर्ड घेतला. विक्रेत्याने कड पुरेशी शिल्लक असल्याचे कळवले होते. प्रत्यक्षात पूर्वीच्या कुणीतरी यंत्रावर ती बरीच खाल्लेली आहे. पाच-सहा वेळा धार लावण्याइतके लोखंड उरले आहे, म्हणून किंमत कमी करून घेतली व गप्प बसलो. दोऱ्याने मोजले: अंतर १५१ सेंमी, खोली २२ मिमी, त्रिज्या १३ मीटरला अगदी थोडी कमी.

आत टायटॅनलचे दोन थर आहेत. नावामुळे अनेकांना ते टायटॅनियम वाटते, पण तो ॲल्युमिनियमचा मजबूत मिश्रधातू आहे. लाकडी गाभ्याच्या वर व खाली तो असला की बोर्डाची थरथर लवकर विरते. काचतंतूंच्या माझ्या जुन्या बोर्डावर बोटाने टकटक केली तर घुमल्यासारखा आवाज येतो, याचा आवाज बसका आहे. ओतकामाचा तुकडा वाजवून त्यातली चीर ओळखणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला ही परीक्षा पुरेशी वाटते.

४ फेब्रुवारी, रविवार, फ्लुमसरबर्ग

नव्या बोर्डाचा पहिला दिवस आणि पहिली अडचण. ताशी २५ ला हा बोर्ड १२ मीटर त्रिज्येचे वर्तुळ मागतो. पूर्ण अर्धवर्तुळे काढायची तर उताराची २४ मीटर रुंदी फक्त मला हवी. अरुंद उतारावर, माणसांमध्ये, ते अशक्य आहे. म्हणजे बोर्डाने वेगाचा प्रश्न सोडवला आणि त्याऐवजी जागेचा उभा केला.

एका रुंद उतारावर पहिल्या पाऊण तासात चार स्वच्छ टाचेकडची वळणे सलग आली. त्यानंतर बर्फ मऊ पडला. साडेदहाला थांबलो.

१८ फेब्रुवारी, रविवार

रद्द. खाली पाऊस, वर ओला बर्फ. पैसे परत न मिळणारे स्वस्त रेल्वेतिकीट वाया गेले. यापुढे ते आदल्या संध्याकाळीच काढायचे.

५ ते ७ मार्च, स्कुओल

मंगळवारी पहिल्या गाडीने निघालो. लांडक्वार्टहून रेटिशे रेल्वे १९ किलोमीटरच्या व्हेराइना बोगद्यातून खालच्या एंगाडिन खोऱ्यात उतरते, आणि स्कुओल-टारास्प स्थानकाला लागूनच मोट्टा नालुन्स या स्की-क्षेत्राकडे नेणारा पाळणा आहे. मुक्काम स्थानकापासून चालत सात मिनिटांवर घेतला, केवळ पहिला पाळणा चुकू नये म्हणून. खोलीतून डोंगराऐवजी सामानाचे फलाट दिसत होते, तरी तक्रार नाही. जानेवारीत येथे विश्वचषकाच्या पॅरलल जायंट स्लालमची शर्यत असते. याच खोऱ्यात वाढलेल्या नेव्हिन गाल्मारिनीने २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्यामुळे पाळण्यातल्या कर्मचाऱ्याने माझे बूट पाहून, "हे स्कीचे आहेत का?" असे विचारले नाही. इतरत्र हा प्रश्न दिवसातून दोनदा येतो.

येथील उतार मुख्यतः दक्षिणेकडे तोंड करून आहेत. मार्चमध्ये हा दोषही आहे व गुणही. रात्री आकाश मोकळे असले की सकाळी साडेआठला पृष्ठभाग फरशीसारखा असतो, पण अकराच्या सुमारास वरचा थर चिंब होतो. मंगळवारी पोहोचेपर्यंत दहा वाजून गेले होते, त्यामुळे तो दिवस जवळजवळ वाया गेला. पुढच्या वेळी आदल्या रात्रीच मुक्कामाला यायचे. बुधवारी पहिल्या पाळण्यात आम्ही नऊ जण होतो.

बुधवारच्या पहिल्या फेरीत उतार इतका कडक होता की कडेचा आवाज येत होता, कापड फाडल्यासारखा सलग. वेग ताशी ३५ च्या आसपास, उतार रुंद, समोर कोणी नाही. हात बुटाला लावायचा एवढेच मनात ठेवले. पहिली तीन वळणे नीट आली. चौथ्यात मी वळण संपण्यापूर्वी उठलो आणि शेपूट निसटले. दुसऱ्या फेरीत वाट पाहिली, बोर्ड जवळजवळ वरच्या दिशेला वळेपर्यंत, आणि मग उठलो. तिसऱ्या फेरीत सलग सात. पाळण्यातून वर जाताना खाली त्या सात चरी दिसल्या, प्रत्येक बोटाएवढी रुंद, कोयत्याच्या पात्यासारखी वळलेली. आठवीच्या जागी पसरट पट्टा होता. त्याचे कारणही ठाऊक आहे: सात मोजल्यानंतर आठवे मोजण्यात लक्ष गेले.

साडेअकराला थांबून गावातल्या खनिज पाण्याच्या स्नानगृहात गेलो. स्कुओल मूळचे झऱ्यांचे गाव, आणि दुपारनंतर येथे आपल्या कामाचे दुसरे काही नाही. हे नियोजनात मुद्दाम धरलेले होते; ज्या गावात दुपारी करण्यासारखे काही नसते, तिथे माणूस हट्टाने मऊ बर्फावर फेऱ्या मारत राहतो आणि थकलेल्या पायांनी पडतो.

गुरुवारी ढग होते. रात्री पृष्ठभाग आवळला गेला नाही आणि सावल्या न पाडणाऱ्या सपाट प्रकाशात उताराचा चढउतार दिसेना. तीन फेऱ्यांनंतर परतीची गाडी धरली. सलग वळणांची संख्या पाच.

३० मार्च, शनिवार

ईस्टरची सुट्टी असूनही गेलो नाही. सहारातली धूळ आली आहे, आकाश गढूळ पिवळे झाले आहे आणि बाल्कनीच्या कठड्यावर बोट फिरवले तर विटकरी पूड लागते. ही धूळ बर्फावर बसली की पांढरा पृष्ठभाग काळवंडून अधिक ऊन शोषतो व लवकर वितळतो. शिवाय ती तळाच्या मेणात रुतून बसते. माझा हंगाम संपला, असे समजतो.

१३ एप्रिल, शनिवार, विंटरटूर

आवराआवर. एकूण दिवस तेरा, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा सहा कमी, आणि उद्दिष्टाच्या दहापैकी सात.

दोन्ही बोर्डांचा तळ मऊ मेणाने दोनदा साफ केला, त्यानंतर जाड थर देऊन तो न खरवडता कडांवरही पसरू दिला, म्हणजे पावसाळी हवेत कडा गंजणार नाहीत. स्कुओलला एका दगडाने पाडलेला ओरखडा प्लॅस्टिकची कांडी वितळवून भरला. बाइंडिंग काढून ठेवली, कारण स्क्रू आवळलेले राहिले तर तळाला खळगे पडतात. कोन व पाचरींचे आकडे चिकटपट्टीवर लिहून बुटांच्या आत चिकटवले: पुढे ५८, चवड्याखाली ३, मागे ५५, टाचेखाली ३. बुटांची बकले सैलसर लावून ठेवली, नाहीतर कवचाचा आकार बिघडतो.

११ मीटरचा बोर्ड विकायचा नाही. सौम्य, अरुंद उतारासाठी आणि गर्दीच्या दिवसासाठी तोच योग्य आहे, फक्त त्याच्याकडून ताशी ३० च्या वर काही मागायचे नाही.

पुढच्या हिवाळ्यासाठी इटलीतील कारेत्साचे नाव लिहून ठेवले आहे. तेथील प्रा दी तोरी उतारावर डिसेंबरात विश्वचषकाची शर्यत होते, म्हणजे तो त्या वेळेपर्यंत कडक केलेला असणार. जाणे बोल्झानोमार्गे, आदल्या रात्रीच्या मुक्कामासह. मागच्या टाचेखाली ४ अंशांची पाचर ऑक्टोबरात बसवून पाहायची. तशी पाचर तयार मिळाली नाही तर बाबांना माप पाठवायचे आहे.